आडवा चालतो, उभा बंद

बार्शीत माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, चौदा वर्षं झाली. विंडोज उडणं, बोर्ड जाणं, एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये, पाल मरून पडणं हे रोजचंच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण दिवाळीच्या आधीची एक केस काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

गिऱ्हाईक म्हणजे आमच्याच भागातले एक शिंपीकाका. मुलगी टायपिंगची तयारी करते, क्लार्क-टायपिस्टला मिनिटाला मराठी ३० नाहीतर इंग्रजी ४० शब्द लागतात आणि क्लासला रोज एकच तास मशीन मिळतं, म्हणून काकांनी गावातल्याच एका दुकानातून पाच हजाराला सेकंडहँड डेस्कटॉप घेतला. असेम्बल्ड, सेकंड जनरेशनचा आय-थ्री, एच-६१ चा बोर्ड, ४ जीबी रॅम, म्हणजे २०११-१२ चा माल. लोक नाकं मुरडतात पण टायपिंगला हे मशीन रग्गड आहे, फक्त जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज १० चालू व्हायला चार-पाच मिनिटं घेतं, तेवढ्यात पोरीचा उत्साह मरतो. म्हणून गणपतीच्या सुमारास मी त्यांच्या घरी जाऊन हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान अशी १२० जीबीची एसएसडी बसवून दिली होती. हे लक्षात ठेवा.

दिवाळीच्या आठवडाभर आधी काकांचा फोन, "अहो, कॉम्प्युटर चालूच होईना. बटण दाबलं की आतला पंखा जरा हलतो आन् गप."

आता आमच्या धंद्यात हे वाक्य म्हणजे अर्धं निदान असतं. पंखा फिरतोय पण डिस्प्ले नाही असं असेल तर आधी रॅम, खोडरबरने घासा, दुसऱ्या स्लॉटला लावून बघा. (हे आता यूट्यूबमुळे सगळ्यांनाच येतं, परवा एकाने घासून घासून कॉन्टॅक्टचा सोनेरी रंगच घालवून आणला.) काहीच हालचाल नसेल तर केबल, स्विच नाहीतर एसएमपीएस मेलेला. पण पंखा अर्धी गिरकी घेऊन थांबतो म्हणजे एसएमपीएस चालू व्हायला जातोय आणि स्वतःच स्वतःला बंद करतोय. एकतर तो थकलाय, नाहीतर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. दहातल्या सात वेळा थकलेला असतो. मी फोनवरच सांगून टाकलं, काका, एसएमपीएस गेला, घेऊन या. वरून हेही बोललो की कुठून आणला हा डबा, त्याने जुनाच पॉवर सप्लाय पुसून दिला असणार. हे बोलायची काही गरज नव्हती.

काका टीव्हीएस एक्सेलवर पायात कॅबिनेट घेऊन आले. कॅबिनेटला कव्हर शिवलेलं, राखाडी सफारीच्या कापडाचं, कडेला मरून पायपिंग, समोर बटणाच्या जागी काजासारखं व्यवस्थित भोक. मी आजवर प्लॅस्टिकची कव्हरं बघितली, टॉवेल बघितले, एकाने तर जुनी पैठणी घातली होती, पण असं मापाचं कव्हर बघितलं नव्हतं. मागची पंख्याची जाळी मात्र झाकली जात होती, तेवढं सांगितलं, काकांनी लगेच खडूने खूण करून घेतली.

मी कॅबिनेट टेबलावर आडवं टाकलं, पॅनल उघडलं, जुना एसएमपीएस काढला, नवा लावला, बटण दाबलं. चालू. पंचवीस सेकंदांत डेस्कटॉप. ८५० रुपये. जुना एसएमपीएस टेबलाखाली ढकलला, तपासलाही नाही. कशाला तपासू, बदलला आणि चालू झालं की!

संध्याकाळी फोन. पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एक्सेल, पुन्हा टेबल. मी काहीही न करता नुसती केबल लावली, चालू. तीन तास चालवला, गाणी लावली, व्हिडिओ लावले, प्रोसेसरचं टेंपरेचर बघितलं, सगळं ठीक. काका घेऊन गेले. अर्ध्या तासात फोन. या क्षणी कुठलाही मेकॅनिक एकच गोष्ट ठरवतो, दोष तुमच्या घरात आहे. आणि खरं सांगू का, बऱ्याचदा असतोही, कारण वायरमन लोक तीन पिनचं सॉकेट बसवतात आणि तिसऱ्या पिनला मागे वायरच नसते, विचारलं तर म्हणतात "चालतंय की".

तर मी मल्टिमीटर घेऊन त्यांच्या घरी. फेज-न्यूट्रल २२८, उत्तम. फेज-अर्थिंग बघितलं तर काटा भलतीकडेच. (हो, मी अजून काट्याचाच मीटर वापरतो, डिजिटलपेक्षा त्याची थरथर जास्त बोलते.) कॅबिनेटला उलटा हात लावला तर बारीक झिणझिण्या, म्हणजे अर्थिंग नाहीच. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! काकांना पाच मिनिटं लेक्चर दिलं, अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या फिल्टरमधून बॉडीवर करंट कसा उतरतो वगैरे. शेजाऱ्यांकडून एक्स्टेन्शन ओढून आणलं, त्यांच्याकडे अर्थिंग होतं, झिणझिण्या गेल्या. ऐटीत बटण दाबलं.

पंखा हलला आणि गप.

परत दाबलं तर तेवढंही नाही. हे एक बाहेरच्या लोकांना माहीत नसतं, असा ट्रिप झालेला एसएमपीएस बऱ्याचदा रुसून बसतो, केबल काढून अर्धा मिनिट थांबल्याशिवाय बटणाला जुमानतच नाही, त्यामुळे घरातले म्हणतात कधी पंखा हलतो कधी नाही, आणि आपण वेड्यासारखे स्विचवर संशय घेतो.

मी वैतागून कॅबिनेट उघडायला म्हणून जमिनीवर आडवं केलं. पोरगी इतका वेळ शिलाई मशीनच्या स्टुलावर बसून बघत होती. म्हणाली, "दादा, आडवा ठेवला की होतो चालू. मी पप्पांना म्हटलं होतं."

काका म्हणाले, "हां, ती म्हणत होती काहीतरी."

मी केबल काढून थांबलो, लावली, बटण दाबलं. चालू. बंद केला, उभा केला, दाबलं. गिरकी आणि गप. परत आडवा. चालू. च्यायला.

मग उलगडत गेलं. आधी टेबलावर जागा नाही म्हणून कॅबिनेट आडवंच असायचं, त्यावर मॉनिटर. दिवाळीच्या साफसफाईत काकांनी कव्हर शिवलं, ते उभ्या मापाचं शिवलं, आणि तेव्हापासून कॅबिनेट खाली उभं. माझ्या दुकानात मात्र ते प्रत्येक वेळी आडवं, कारण आम्ही आडवंच उघडतो, आडवंच तपासतो. पहिल्या दिवशी मी एसएमपीएस बदलला आणि त्याच वेळी कॅबिनेट आडवंही केलं, दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय एसएमपीएसला दिलं. चौदा वर्षं!

तिथेच सतरंजीवर बोर्ड काढायला बसलो. मदरबोर्ड पत्र्यावर थेट टेकत नाही, खाली पितळेचे छोटे खांब असतात, पाऊण सेंटिमीटरही नसेल इतकीच फट राहते, आणि बोर्डाच्या पाठीला स्लॉटच्या पिनांची सोल्डर केलेली टोकं काट्यांसारखी बाहेर आलेली असतात. तिथे ५ व्होल्ट, १२ व्होल्ट सगळं उघडं. सगळे स्क्रू काढून बोर्ड उचलला आणि फरशीवर टिंग.

एक स्क्रू. आडवं असताना तो पत्र्यावर निवांत पडून असायचा, उभं केलं की घरंगळून खालच्या खांबाशी तिरका अडकायचा आणि एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला जादा कार्ड खोचायच्या पीसीआय स्लॉटच्या पिना. एसएमपीएस बिचारा शॉर्ट ओळखून बंद होत होता. जुनाही, नवाही. दोघंही ठणठणीत.

काका म्हणाले, "त्या दुकानदाराचाच असणार! मी परवा गेलो होतो त्याच्याकडं, चांगला झापला. पाचशे परत दिले गुमान."

मी स्क्रू बोटांत धरून बघत होतो. कॉम्प्युटरमध्ये मुख्यतः दोन जातीचे स्क्रू लागतात, एक जाड आट्यांचा, कॅबिनेट, हार्ड डिस्क, एसएमपीएसला, आणि एक बारीक आट्यांचा, तीन एमएमचा, जो सीडी ड्राइव्हला लागतो आणि एसएसडीला लागतो. हा बारीक आट्यांचा होता. त्या मशीनमध्ये सीडी ड्राइव्ह नव्हताच.

एसएसडीच्या ब्रॅकेटकडे बघितलं. तीन स्क्रू.

गावात एसएसडी बसवणारे निम्मे लोक ती वायरला लोंबकळत सोडतात, नाहीतर डबल टेपने चिकटवतात. मी ब्रॅकेट वापरतो आणि चारही स्क्रू लावतो, गिऱ्हाइकाला दाखवूनही देतो. त्या दिवशी मात्र चौथा लावताना लाइट गेली होती, स्क्रू हातातून निसटला, आवाज आला नाही, मला वाटलं सतरंजीत पडला. मोबाईलच्या टॉर्चने सतरंजी झटकून बघितली, नाही मिळाला, म्हटलं जाऊ दे, तीनवर पण बसते की. पॅनल लावलं. इतकं स्पष्ट आठवलं की त्या दिवशी काकूंनी दिलेल्या पोह्यांत लिंबू होतं हेही आठवलं.

आणि मी गप्प बसलो.

म्हणजे अगदीच गप्प नाही. "काका, एसएमपीएस काही गेला नव्हता, जुनाच परत लावतो," म्हणालो, दुकानातून तो आणला, लावला, ८५० रुपये परत दिले. खिशातून एक बारीक स्क्रू काढून चौथाही लावला. पोरगी बघत होती. तिला काय कळलं काय नाही, माहीत नाही, ती काहीच बोलली नाही, फक्त कॅबिनेट स्वतः उचलून उभं केलं, कव्हर घातलं आणि बटण दाबलं. काका मात्र भरून आले, "पैसे परत देणारा मेकॅनिक पहिल्यांदा बघतोय," म्हणाले, दोनशे रुपये मजुरी जबरदस्तीने खिशात कोंबली, आणि तेव्हापासून त्यांच्या गल्लीतून तीन गिऱ्हाइकं आली, तिन्ही "शिंपीकाकांनी पाठवलंय" म्हणत.

त्या वेळी सांगितलं असतं तर काय झालं असतं? काका हसले असते बहुतेक. पण त्यांनी त्या दुकानदाराला आधीच झापलेलं होतं, माझ्या शब्दावर, आणि ते पाचशे... मला बोलायला तोंडच फुटेना.

तो दुकानदार एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर भेटतो अधूनमधून. मागच्या आठवड्यात भेटला तर त्यानेच विषय काढला. "त्या शिंप्याचं मशीन तुझ्याकडे आलं होतं ना? काय निघालं रे? मी आठ दिवस चालवून दिलं होतं. उभंच होतं काउंटरखाली."

मी म्हटलं, "लूज होतं काहीतरी."

"हां," म्हणाला तो. "जुनी मशीनं. व्हायचंच."

चहाचे पैसे मी दिले.