एमएल ३५० सीडीआय, पंधरावं वर्ष: व्हॅलीतलं तेल, हवेच्या स्प्रिंगा आणि सनरूफच्या नळ्या

ऑइल कूलरचे सील बदलून झाले. तेल गळत होतं, म्हणून पाऊस उघडला की इंजिनची व्हॅली, म्हणजे सिलिंडरांच्या दोन रांगांमधली खोबण, उघडायची असं ठरवलं होतं. ते काम दिवाळीच्या आत पार पडलं. त्यानंतर गाडी ताम्हिणी घाट उतरून माणगावपर्यंत गेली, परत चढून आली आणि रात्रभर पार्किंगमध्ये पुठ्ठ्यावर उभी राहिली. पुठ्ठ्यावर थेंब नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी गाडीची ओळख: २०१० ची मर्सिडीज एमएल ३५० सीडीआय, डब्ल्यू १६४ पिढीतली. अमेरिकेत अलाबामामधल्या टस्कलूसाच्या कारखान्यात तयार झालेली, पहिल्यापासून एमएच १२ पासिंगची. इंजिन ओएम ६४२, म्हणजे २९८७ सीसीचं ७२ अंशांचं व्ही-सिक्स डिझेल. सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि एअरमॅटिक, म्हणजे हवेच्या पिशव्यांवरचं सस्पेन्शन. लोखंडी स्प्रिंगवाल्या एमएलच्या मालकांनी सस्पेन्शनचा भाग सोडून दिला तरी चालेल.

हे इंजिन किती दणकट आहे ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. २००५ साली टेक्सासमध्ये लरेडोच्या चाचणी ट्रॅकवर याच इंजिनाच्या तीन ई ३२० सीडीआय ३० दिवस जवळजवळ अखंड पळवल्या होत्या. प्रत्येकीने एक लाख मैल कापले, म्हणजे सुमारे १,६०,००० किलोमीटर, तेही ताशी २२४ किलोमीटरच्या सरासरीने. हेच इंजिन स्प्रिंटर व्हॅनमध्ये माल वाहत आलं आणि जीप ग्रँड चेरोकीतही बसलं. टायमिंगला पट्टा नाही, चेन आहे. वेळेवर योग्य तेल मिळालं तर क्रँक, पिस्टन, चेन यांची काळजी करायचं सहसा कारण पडत नाही.

पंधरा वर्षांत म्हातारं होतं ते रबर. सील, होज, बुश, हवेच्या पिशव्या, काचेभोवतालच्या पट्ट्या, वायरिंगवरचं आवरण. किलोमीटर कमी झालेत म्हणून रबर तरुण राहत नाही. बॉनेटखालची उष्णता आणि कॅलेंडर त्याचं वय ठरवतात. म्हणून माझ्या वहीत आता सर्व्हिसच्या किलोमीटरांच्या रकान्याशेजारी प्रत्येक रबरी भागाचं साल लिहिलेलं आहे, आणि कामं त्या सालांच्या क्रमाने होतात. जुनी महागडी एसयूव्ही सांभाळायची असेल तर मला तरी हा एकच मार्ग पटतो. एकेक भाग बंद पडायची वाट पाहत बसलं तर खर्चाला अंत नाही.

आता व्हॅली. व्ही-सिक्सच्या दोन रांगांमधल्या खोबणीत, टर्बोच्या अगदी खाली, ऑइल कूलर बसवलेला आहे. त्यातून एका बाजूने इंजिन ऑइल आणि दुसऱ्या बाजूने कूलंट फिरतं. कूलर आणि ब्लॉक यांच्यामध्ये दोन लहान सील आहेत. टर्बोची धग वर, गरम तेल आत आणि वाऱ्याला वाव नाही, अशा जागी ते सील वर्षानुवर्षं भाजत राहतात. शेवटी रबराची लवचीकता जाते, कडा चपट्या होतात आणि तेल झिरपून खोबणीत साचतं. तिथून मागच्या बाजूच्या वाटेने ते बेल हाउसिंगवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या कवचावर ओघळतं.

फसगत होते ती इथेच. खालून पाहिलं तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल टपकताना दिसतं, आणि ती खूण हुबेहूब क्रँकच्या मागच्या सीलची असते. ते सील बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. एवढं सगळं करून गळती तशीच राहिली, असं या इंजिनाच्या किती मालकांच्या वाट्याला आलं असेल! म्हणून गिअरबॉक्सला हात लावू देण्याआधी एवढं करा: इंजिन नीट धुऊन घ्या, तेलात अतिनील प्रकाशात चमकणारा डाय घाला, काही दिवस गाडी वापरा आणि टर्बोच्या मागून बारीक कॅमेरा व्हॅलीत सोडा. माझ्या गाडीत कॅमेरा आत गेल्या गेल्या तेलाचं तळं दिसलं आणि निळ्या प्रकाशात ते हिरवं चमकलं. शंका उरली नाही.

काम आम्ही घराजवळच्या छोट्या गॅरेजमध्ये केलं. तिथले मेस्त्री पूर्वीपासून डिझेलवाले. गाडी कुठलीही असो, ते आधी हाताने चाचपतात आणि मग स्कॅनर लावतात. "साहेब, सील दोनच आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोचायला अर्धं इंजिन खोलावं लागेल. एकदा खोलल्यावर मात्र घाई नको," एवढंच ते म्हणाले. तेच खरं. एअर फिल्टरचे डबे, टर्बोचे पाइप, खुद्द टर्बो, धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या ईजीआरचे जोड, सिलिंडरांना हवा वाटणारं इनटेक मॅनिफोल्ड, एवढं बाजूला झाल्यावर कूलर दिसतो. सील स्वस्त आहेत, पैसे जातात ते मजुरीत. त्यामुळे व्हॅली उघडल्यावर तिथला कुठलाही जुना रबरी भाग परत बसवू नये, असं माझं ठाम मत आहे.

जुने सील नारिंगी निघाले. नव्या भागक्रमांकाचे जांभळट येतात आणि गरम तेलाला जास्त टिकतात. जुना सील बोटात दाबला तर अजिबात दबेना, वाकवल्यावर सरळ तुटला. कूलरची आणि ब्लॉकची बसायची जागा लाकडी पट्टीने खरवडून, लिंट न सोडणाऱ्या कापडाने पुसून घेतली. तिथे सँडपेपर वापरू नका. ॲल्युमिनियमवर एक ओरखडा राहिला तरी नवा सील त्याच जागी रडतो, आणि घासल्याची पूड तेलाच्या वाटेत जाते ती वेगळीच.

टर्बोच्या तोंडाशी हवा आत जाते तिथलं सीलही बदललं. त्याचं महत्त्व त्याच्या आकारावरून कळत नाही. क्रँककेसमधली तेलकट वाफ तिथूनच टर्बोत जाते. ते सील सैल झालं की तेल खाली ओघळतं आणि बरोबर खाली बसलेल्या स्वर्ल मोटरमध्ये शिरतं. ही मोटर मॅनिफोल्डमधल्या झडपा हलवते. ती तेलात भिजून अडकली की इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी लिम्प मोडमध्ये जाते, म्हणजे घाटात ओव्हरटेक घेताना अचानक जोर गायब. माझी मोटर चालू होती, पण आतून तेलकट झाली होती. मॅनिफोल्ड बाहेर होतंच, नवी बसवली. झडपांचे प्लॅस्टिकचे दांडे तपासले, ते सुदैवाने शाबूत आहेत.

मॅनिफोल्डच्या आत मात्र डांबरासारखा थर होता. ईजीआरमधून येणारी काजळी आणि ब्रीदरमधून, म्हणजे क्रँककेसच्या वाफेच्या वाटेने, येणारं तेल एकत्र झालं की असंच होतं. मेस्त्रींनी दोन्ही बाजू रात्रभर भिजवून ब्रशने साफ केल्या. हेडकडची भोकं या काळात चिंधी आणि टेपने घट्ट बंद होती. उघड्या पोर्टमध्ये एखादा वॉशर पडला आणि कळलं नाही, तर दणकट इंजिनाचाही शेवट होतो. बोल्टसाठी त्यांची जुनी पद्धत: मोठ्या पुठ्ठ्यावर इंजिनचं चित्र काढायचं आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवायचा. लांबी वेगवेगळी असलेल्या या बोल्टांसाठी याहून चांगली सोय मी पाहिलेली नाही. बसवताना सगळं टॉर्क रेंचने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने.

याच वेळी थर्मोस्टॅटही नवा घातला. स्कॅनरवर महामार्गाला तापमान सत्तरीतच रेंगाळत होतं आणि घाटात चढायचं. म्हणजे थर्मोस्टॅट उघडाच राहत होता. इंजिन थंड चाललं की डिझेल जास्त जळतं आणि काजळीही वाढते. आता नव्वदीच्या आसपास स्थिर आहे. कूलंट निळं, कंपनीच्या मान्यतेचं, आणि भरताना व्हॅक्यूम लावून, म्हणजे हवा अडकत नाही. इंजिन ऑइल मर्सिडीजच्या २२९.५१ मान्यतेचं. डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलंय एवढ्यावर भागवू नका, मान्यतेचा आकडा वाचा.

डिझेलबद्दल थोडं विषयांतर. पुण्यात आणि सोलापुरात बीएस-४ इंधन २०१० पासूनच मिळायला लागलं, देशभर मात्र ते २०१७ मध्ये आलं. तोवर शहराबाहेर टाकी भरली की ३५० पीपीएम गंधकाचं डिझेल पोटात जायचं. २०२० पासून सगळीकडे १० पीपीएम. या गाड्यांना पुढची वर्षं आधीच्या वर्षांपेक्षा स्वच्छ इंधनावर काढायला मिळणार आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे.

एअरमॅटिक. मागची डावी पिशवी रात्रीतून बसायला लागली होती. खात्री करायची साधी पद्धत आहे: सपाट जागी गाडी लावा, चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत माप घेऊन लिहून ठेवा आणि सकाळी दार न उघडता पुन्हा मोजा. दार उघडलं की यंत्रणा जागी होऊन उंची सावरायचा प्रयत्न करू शकते आणि माप चुकतं. मग साबणाचं पाणी. पिशवीच्या तळाच्या घडीत बारीक चिरा होत्या आणि फुगे तिथूनच येत होते.

दोन्ही मागच्या पिशव्या एकदम बदलल्या, कारण दोघींचं साल एकच. बसवताना सर्वांत महत्त्वाचं: नवी पिशवी रिकामी असताना तिच्यावर गाडीचं वजन टाकायचं नाही. गाडी उचललेलीच असताना स्कॅनरने हवा भरायची, घडी नीट बसली ते पाहायचं आणि मगच जॅक सोडायचा. नाहीतर घडी चिमटते आणि नवीकोरी पिशवी काही महिन्यांत फाटते. सोबत हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचा रिले, म्हणजे त्याला चालू-बंद करणारा स्विच, तोही बदलला. कॉम्प्रेसर जळतो तो बहुतेक वेळा गळती भरून काढता काढता दमून, नाहीतर रिले चिकटल्यामुळे. रिलेची किंमत कॉम्प्रेसरच्या तुलनेत नगण्य आहे, तो पिशवीबरोबर बदलूनच टाकावा.

हवा काढून लोखंडी स्प्रिंगा घाला, असा सल्ला वारंवार मिळतो. ज्याला जमत नाही त्याने जरूर घालाव्यात. मी घालणार नाही. पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन वरंधा उतरताना दोन टनांवरची ही गाडी ज्या शांतपणे सपाट राहते, त्यासाठीच तर ती ठेवली आहे.

सनरूफच्या नळ्या प्रत्येक पावसाळ्याआधी साफ व्हायलाच हव्यात. चार कोपऱ्यांत चार नळ्या असतात. गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. त्याची पानं इतकी बारीक असतात की थेट नळीच्या तोंडात जाऊन त्यांचा लगदा होतो. मग पाणी छताच्या अस्तरामागून खाली उतरतं, गालिच्याखालच्या फोममध्ये मुरतं आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलपर्यंत पोचतं. दिवे आपोआप लागणं, बॅटरी रात्रीत उतरणं, असल्या अनाकलनीय तक्रारींमागे बऱ्याचदा हेच पाणी असतं. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी नळीत हलकेच सरकवा आणि कपभर पाणी ओतून चाकाजवळ बाहेर येतं का पाहा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी आतल्या आत जोडातून निसटते आणि मग छताचं अस्तर खाली घ्यावं लागतं.

गिअरबॉक्सचं तेल, फिल्टर आणि पॅनचं गॅसकेट झालं. पातळी तेलाच्या ठरावीक तापमानालाच बघायची असते, एवढी एक गोष्ट सोडली तर सांगण्यासारखं काही नाही.

सुट्या भागांबद्दल. याच पिढीच्या जीएल आणि आर-क्लासचा सांगाडा आणि यंत्रणा बऱ्याच अंशी एकच आहे, त्यामुळे भागक्रमांक जुळवून पाहिला तर मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारात पर्याय वाढतात. तिथून कंट्रोल आर्म, काच, हेडलाइट, दाराचं लॉक बिनधास्त घ्या. रबर मात्र कधीही जुनं घेऊ नका. पाकीटबंद नवं असलं तरी त्यावर छापलेलं साल वाचा. गोदामात दहा वर्षं पडलेला बुश नवा नसतो. टायरचंही तेच, बाजूवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष लिहिलेलं असतं.

दिल्लीतून स्वस्तात येणाऱ्या गाड्यांबद्दल विचारणा होत असते. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने (एनजीटी) २०१५ मध्ये बंदी आणली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली, तेव्हापासून चांगल्या गाड्या महाराष्ट्रात येत आल्या आहेत. अशा गाडीचा पत्रा बहुधा सुरेख असतो, पण कोरड्या उन्हाळ्यांनी रबर सुकवलेलं असतं. मुंबईच्या गाडीत उलट, आधी सबफ्रेम आणि ब्रेकचे पाइप गंजलेत का ते पाहा. किंमत ठरवताना एनओसी आणि इथला कर धरायला विसरू नका.

पंधरा वर्षं झाली म्हणून आरसीचं नूतनीकरणही झालं. प्रत्यक्ष तपासणी होते आणि पाच वर्षांची मुदत मिळते. २०२२ च्या एप्रिलमध्ये चारचाकीसाठी शुल्क ५,००० रुपये झालं, पण आयात गाडीसाठी ४०,०००, शिवाय आपल्याकडचा पर्यावरण कर. आपल्या आरसीवर गाडीची नोंद कशी आहे ते आधी पाहून ठेवा.

वहीत पुढचं साल इंजिन माउंटचं आहे. आतलं द्रव गेल्याची चिन्हं दिसताहेत: डी मध्ये ब्रेक दाबून उभं असताना स्टिअरिंगला थरथर येते, एन मध्ये टाकलं की थांबते. त्यानंतर पुढचे दोन्ही एअर स्ट्रट, म्हणजे हवेची पिशवी आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेले भाग, ते पावसाळ्याच्या आत. ज्यांनी पुढचे स्ट्रट केलेत त्यांनी वरचं माउंट वेगळं घातलं की स्ट्रटसोबत आलेलंच वापरलं, आणि ते किती टिकलं, हे जरूर कळवावं. भाग त्यानुसारच मागवणार आहे.