सेकंड शिफ्ट आणि तिसरी घंटा

नाशिकच्या सायखेडकर नाट्यगृहाच्या विंगेत मी पहिल्यांदा शिरलो तो पडदा ओढायला. दिग्दर्शनबिग्दर्शन डोक्यातही नव्हतं. पुढे राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटकं बसवली, तीही रात्री आठनंतर. नट कुणी सातपूरच्या कारखान्यात, कुणी बँकेत. सेकंड शिफ्टवाला अडकला की त्याची वाक्यं मीच म्हणायचो. (बायकोच्या मते तेवढाच माझा बरा अभिनय!)

एकदा ऐन प्रवेशात स्पॉट गेला. नायिकेने न डगमगता प्रॉपर्टीतला कंदील पेटवला, प्रसंग पुढे नेला. नंतर परीक्षकांनी प्रकाशयोजनेचं कौतुक केलं. आम्ही गप्प.

शिरवाडकर-कानेटकरांच्या गावात नाटक करतो म्हटलं की लोक आदराने बघतात. गाडं अडतं ते सेटच्या टेम्पोभाड्यावर.

परवा नवी संहिता वाचायला घेतली. पात्रं सहा, आले चार.