रेंटन: जगज्जेत्या फुटबॉल संघाचं गाव

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोहून बॅलखला जाणारी गाडी शनिवारी चांगलीच भरलेली असते. बहुतेकांना लॉख लोमंडचं सरोवर बघायचं असतं. आम्ही मात्र दोन स्टेशनं आधीच, रेंटनला उतरलो. लहानसं गाव, एकसारखी घरं, थोडी दुकानं, पलीकडे लीवन नदी. पर्यटकांसाठी इथे फारसं काही नाही. पण 1888 साली या गावाचा फुटबॉल संघ स्वतःला 'जगज्जेता' म्हणवत होता, आणि त्या दाव्यात बराच दम होता.

त्या वर्षी 4 फेब्रुवारीला रेंटनने केंबसलँग संघाचा 6-1 असा धुव्वा उडवून स्कॉटिश चषक जिंकला. मग इंग्लंडचा चषक जिंकलेल्या वेस्ट ब्रॉमविच अल्बियनशी 19 मे रोजी ग्लासगोत गाठ पडली. वादळी पावसात सामना झाला आणि रेंटनने तो 4-1 असा मारला. ब्रिटनबाहेर तेव्हा क्लब फुटबॉल जेमतेम रुजत होतं. त्यामुळे इंग्लंड-स्कॉटलंडच्या विजेत्यांमधला सामना जिंकणाऱ्याने आपण जगात पहिले, असं म्हणणं फुकाची बढाई नव्हती. मला तरी तो दावा मनापासून पटतो.

ज्या टॉन्टीन पार्कवर हा संघ खेळायचा तिथे आता घरं उभी आहेत. त्या गल्ल्यांतून फिरताना इथे कधी गोलपोस्ट होते याचा पत्ताही लागत नाही.

तिथून आम्ही नदीकाठच्या वाटेने शेजारच्या अलेक्झांड्रिया गावाकडे निघालो. हा सगळा इतिहास समजायचा तर ही वाट चालायलाच हवी. लीवन सरोवरातून निघते आणि काही मैलांवर डम्बार्टनपाशी क्लाइड नदीला मिळते. तिच्या मऊ, स्वच्छ पाण्यामुळे काठावर कापड धुण्या-रंगवण्याचे कारखाने उभे राहिले. इथला गडद लाल रंग, टर्की रेड, जगभर जायचा. आधी मंजिष्ठेच्या मुळापासून आणि पुढे कृत्रिम अलिझरिनपासून, तेल आणि तुरटीच्या एकामागून एक प्रक्रिया करून तो इतका पक्का बसवत की उन्हाने वा धुण्याने सहज उतरत नसे. या कापडाचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे हिंदुस्थान, आणि मुंबई ही त्याची मोठी पेठ. एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात या कारखान्यांच्या नमुन्यांच्या सुमारे 200 वह्या जपून ठेवल्या आहेत. त्यांतले मोर आणि कोयऱ्या आपल्या डोळ्यांना लगेच ओळखीच्या वाटतात. आपल्या पणज्यांच्या अंगावरचा एखादा लाल कपडा या पाण्यातून निघालेला असणं सहज शक्य आहे.

फुटबॉल खेळणारी पोरं याच रंगारी वस्त्यांमधली. ग्लासगोच्या क्वीन्स पार्क संघाने इथे येऊन खेळ दाखवला आणि 1872 या एकाच वर्षात रेंटन, डम्बार्टन आणि अलेक्झांड्रियाचा वेल ऑफ लीवन असे तीन संघ निघाले. त्याच क्वीन्स पार्कला तोवर एकाही स्कॉटिश संघाने हरवलं नव्हतं. वेलने 1876 च्या डिसेंबरात ते करून दाखवलं आणि पुढे 1877, 1878, 1879 असा ओळीने तीनदा चषक नेला. अंगापिंडाने मोठ्या गड्यांनी चेंडू घेऊन एकट्यानेच धावत सुटायचं, असा इंग्लंडचा तेव्हाचा खेळ. स्कॉटलंडने एकमेकांना पास देत पुढे जाण्याची रीत घडवली. 1878 मध्ये याच खेळाने इंग्लंडला 7-2 असं लोळवलं, आणि त्यातले तीन गोल वेलच्या जॉन मॅकडुगलचे होते. 1877 ते 1888 या 12 वर्षांत सहा वेळा चषक या चिमुकल्या नदीच्या काठी आला. रेंटनचे खेळाडू कच्ची अंडी घातलेली पोर्ट वाइन पीत, असं सांगतात. आपल्याकडे तालमीतल्या पैलवानांच्या खुराकाच्या गोष्टी सांगतात ना, तसंच.

मग हे सगळं गेलं कुठे? पैशाने नेलं. इंग्लंडने 1885 मध्ये खेळाडूंना पगार द्यायला परवानगी दिली, स्कॉटलंडने 1893 पर्यंत नाही. गुणी पोरं एकेक करून बाहेर पडू लागली. वेस्ट ब्रॉमविचवरच्या विजयाला नऊच दिवस झाले होते, तेव्हा ग्लासगोत नव्याने निघालेल्या सेल्टिकच्या पहिल्या सामन्यात जेम्स केली आणि नील मॅककॅलम उतरले. दोघेही रेंटनचे. सेल्टिकचा पहिला गोल मॅककॅलमचा.

1890 मध्ये स्कॉटिश लीग सुरू झाली तेव्हा रेंटन आणि वेल दोघेही संस्थापकांत होते. पाच सामने झाले आणि रेंटनला बाहेर काढलं. का, तर पैसे देतो म्हणून बंदी घातलेल्या सेंट बर्नार्ड्स संघाशी, त्याने नाव बदललेलं असताना, ते खेळले. लपूनछपून पैसे देणारे क्लब तेव्हा थोडे नव्हते. शिक्षा मात्र गावाला झाली. हे वाचताना मला आजही राग येतो. पुढच्या वर्षी रेंटन परत आले, पण तोवर घडी विस्कटली होती. वेलची तर 1891-92 मध्ये 22 सामन्यांत एकदाही जिंकण्याची वेळ आली नाही. रेंटनचा संघ 1922 मध्ये कायमचा बंद पडला.

वेलचं नाव मात्र टिकलं. 1939 मध्ये तो नव्याने उभा राहिला आणि आज वेस्ट ऑफ स्कॉटलंड लीगमध्ये खेळतो. अलेक्झांड्रियात मिलबर्न पार्कवर आम्ही त्यांचा सामना बघितला. कठड्याला टेकून उभे असलेले बरेचसे प्रेक्षक खेळाडूंना नावाने हाका मारत होते. चेंडू उगाच उंच मारला की शेजारचे आजोबा वैतागून ओरडायचे, "खाली ठेव, पास दे!"

तुम्ही जाणार असाल तर शनिवार धरा. सामना घरच्या मैदानावर आहे ना, हे आधी बघून घ्या. सकाळी ग्लासगोत हॅम्पडन स्टेडियममधल्या फुटबॉल संग्रहालयात जा. मूळ स्कॉटिश चषक तिथे आहे. मग दुपारची गाडी पकडा आणि रेंटनला उतरून नदीकाठाने चालत या. सरोवर त्यानंतरही बघून होतं.