लाल पिशवीचं घर

आजचा दिवस पेरू देशातल्या ओयांतायताम्बो गावात. कुस्को शहरात ३,४०० मीटर उंचीवर दोन दिवस डोकं ठणकत होतं, इथे २,८०० वर उतरले आणि जरा माणसात आले.

स्पॅनिश येण्याआधी इथे राज्य करणाऱ्या इंकांच्या किल्ल्याच्या पायऱ्यांनी मात्र दम काढला. वर सहा अजस्र गुलाबी शिळा ओळीने उभ्या. खाण नदीपलीकडच्या डोंगरात. चाक नाही, लोखंड नाही, तरी आणल्या! काही दगड वाटेतच राहिले, त्यांना इथे 'थकलेले दगड' म्हणतात. मला त्यांचं दुःख अगदी कळलं. १५३७ साली इंका राजा मांकोने इथेच खालच्या मैदानात पाणी सोडून स्पॅनिश घोडेस्वारांना पिटाळलं होतं.

पण खरी मजा गावात. गल्ल्या इंकांनी आखलेल्या, कडेने पाटाचं पाणी खळखळतंय. एका दारावर काठीला लाल प्लास्टिकची पिशवी. म्हणजे आज घरात चिचा, मक्याची आंबवलेली दारू, तयार आहे. शिरले आत. मोठ्या बाईला इथल्या क्वेचुआ भाषेत 'मामाय' म्हणतात. माझ्या तोंडून ते थेट 'मामा'च निघालं. ती खळखळून हसली. अर्ध्या लिटरचा ग्लास हातात दिला आणि खुणेने सांगितलं, आधी थोडी जमिनीवर सांड, पाचामामासाठी, म्हणजे धरणीमायसाठी. आजोबांची ताटाभोवतीची चित्राहुती आठवली. चव आंबिलीच्या जवळची, जास्त आंबट.

चुलीपाशी गिनीपिग बागडत होते. किती गोड, म्हणत मी पाच-सहा फोटो काढले. मग मामायने मानेवरून बोट फिरवून दाखवलं.