पहिल्या लोकसभेतील माणसे आणि त्यांच्या हातून घडलेली कलमे

पहिल्या लोकसभेचा विषय निघाला की ३६४ हा आकडा हमखास पुढे केला जातो. निवडणुकीने भरायच्या ४८९ जागांपैकी इतक्या जागा एकट्या काँग्रेसने जिंकल्या होत्या. त्या खालोखालचा कम्युनिस्ट पक्ष अवघ्या १६ जागांवर होता, समाजवादी १२, आचार्य कृपलानींचा किसान मजदूर प्रजा पक्ष ९ आणि अपक्ष ३७. एवढ्यावरून १९५२ ते १९५७ या पाच वर्षांत नेहरूंनी मनात आणावे आणि सभागृहाने माना डोलवाव्यात, असा कारभार चालला असणार, हे आपण गृहीत धरून टाकतो. त्या काळात झालेले कायदे एकेका कलमाने वाचायला घेतले, म्हणजे मात्र वेगळेच चित्र दिसू लागते. कोणत्या हक्काला कोठे कात्री लागली आणि कोठे हळूच एक परंतुक, म्हणजे अपवादाची अट, जोडले गेले, हे पाहत गेले की बाकांवर कोण कोण बसले होते याचा अंदाज येतो. आणि खरी अडवणूक बहुतेक वेळा समोरच्या नव्हे, तर सरकारच्या पाठीमागच्या बाकांवरून होत होती, हेही लक्षात येते.

आधी सभासदांविषयी. ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ एवढ्या लांबलेल्या त्या निवडणुकीत मतदारांची संख्या १७ कोटींच्या वर होती आणि मतदारसंघ होते ४०१. त्यांपैकी ३१४ एकसदस्यीय, ८६ द्विसदस्यीय आणि उत्तर बंगालमधील एक त्रिसदस्यीय होता. राखीव जागांसाठी स्वतंत्र मतदारसंघ न काढता एकाच मतदारसंघातून एक सर्वसाधारण आणि एक राखीव असे दोन प्रतिनिधी पाठवण्याची ही पद्धत आज पूर्ण विस्मरणात गेली आहे; परंतु त्या सभागृहाची घडण समजून घ्यायची तर ती लक्षात ठेवावी लागते. सोलापूरचे उदाहरण घ्या. तेथून शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज असे दोघे निवडून आले. म्हणजे एकाच जिल्ह्याच्या मतदारांनी काँग्रेसला बाजूला सारून दोन वेगळ्या विरोधी पक्षांची माणसे दिल्लीला धाडली. याच पद्धतीच्या उत्तर मुंबई मतदारसंघात काँग्रेसच्या नारायण सदोबा काजरोळकरांनी राखीव जागा जिंकली आणि ज्यांनी राज्यघटनेचा मसुदा सभागृहातून पार नेला त्या डॉ. आंबेडकरांचा पराभव झाला. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत त्यांना पुन्हा अपयश आले. त्याच पोटनिवडणुकीतील सर्वसाधारण जागेवरून अशोक मेहता मात्र लोकसभेत पोहोचले. बाबासाहेब राज्यसभेत गेले होते. त्यामुळे ज्या हिंदू कायद्यासाठी त्यांनी मंत्रिपद सोडले, तो लोकसभेत मंजूर होताना ते त्या सभागृहाचे सभासद नव्हते.

निवडून आलेल्या ४८९ जणांत नियुक्त दहा मिळवले की ४९९ सभासद होतात. त्यांत सुमारे एक तृतीयांश वकील होते, आणि चर्चांची छापील पाने वाचताना ते जागोजागी जाणवते. संख्येने किरकोळ असलेला विरोधी पक्ष माणसांच्या बाबतीत मुळीच किरकोळ नव्हता. श्यामाप्रसाद मुखर्जी, ए. के. गोपालन, हिरेन मुखर्जी, एन. सी. चॅटर्जी, रेणू चक्रवर्ती, शास्त्रज्ञ मेघनाद साहा हे सगळे त्या बाकांवर होते. मुखर्जींचे १९५३ मध्ये आणि साहांचे १९५६ मध्ये निधन झाले. तेलंगणातील नलगोंड्याहून आलेल्या रविनारायण रेड्डींना तर खुद्द नेहरूंपेक्षा अधिक मते मिळाली होती. बहरामपूरचे त्रिदिब चौधरी यांची गोष्ट आपल्याकडे अधिक ठाऊक असायला हवी. १९५५ मध्ये ते गोव्याच्या सत्याग्रहात उतरले आणि लोकसभेचे विद्यमान सभासद असताना पोर्तुगीजांच्या तुरुंगात गेले.

सभापतिपदी ग. वा. मावळंकर होते. मूळचे कोकणातील मराठी घराणे, वकिली आणि सार्वजनिक आयुष्य अहमदाबादेत. १५ मे १९५२ रोजी त्यांची निवड बिनविरोध झाली नाही. सोलापूरचे शंकरराव मोरे त्यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि ३९४ विरुद्ध ५५ असे मतदान झाले. निकाल आधीच ठरलेला असताना निवडणूक घेण्यात काय मतलब, असे कोणी म्हणेल. परंतु सभापती सरकारने नेमलेला नसतो, सभागृहाने निवडलेला असतो, हे कामकाजाच्या पहिल्याच आठवड्यात नोंदले गेले याला माझ्या मते किंमत आहे. पुढे डिसेंबर १९५४ मध्ये विरोधकांनी मावळंकरांना पदावरून दूर करण्याचा ठराव आणला. तो नामंजूर झाला, पण त्यावर रीतसर चर्चा होऊ दिली गेली. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पाळली जातात की नाही, यावर लक्ष ठेवणारी समिती मावळंकरांच्याच कारकिर्दीत, १९५३ मध्ये स्थापन झाली. १९५४ च्या कायद्याने सभासदांना महिना ४०० रुपये वेतन आणि कामकाजाच्या दिवसांचा २१ रुपये भत्ता ठरला. फेब्रुवारी १९५६ मध्ये मावळंकर पदावर असतानाच वारले आणि अनंतशयनम अय्यंगार सभापती झाले.

आता मुख्य विषय, तो हिंदू कायद्यांचा. १९५१ मध्ये हंगामी संसदेत आंबेडकरांचे एकसंध हिंदू कोड बिल अडले, त्याचे एक कारण असे सांगितले जात होते की ती संसद प्रौढ मतदानाने निवडलेली नाही, म्हणून एवढा मोठा बदल करण्याचा तिला अधिकार पोहोचत नाही. निवडणूक झाल्यावर ही सबब संपली. तरीही सरकारने एकसंध विधेयक पुन्हा आणले नाही. त्याचे तुकडे केले. हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये, आणि वारसा, अज्ञान व पालकत्व, दत्तक व पोटगी हे तीन कायदे १९५६ मध्ये, असे चार टप्पे झाले. प्रत्येक तुकड्याला विरोध करणारे वेगवेगळे असतात आणि विवाहाला हरकत घेणारा दत्तकाला घेईलच असे नाही, हे यामागचे साधे गणित होते. लोकसभेत ही विधेयके सांभाळण्याचे काम प्रामुख्याने खानदेशातून निवडून आलेल्या हरी विनायक पाटसकरांकडे होते. आंबेडकरांच्या नावापुढे पाटसकरांचे नाव झाकोळून जाणे स्वाभाविक आहे. पण चार विधेयके दुरुस्त्यांच्या भडिमारातून पार नेणे हे चिकाटीचे काम असते आणि त्याचे श्रेय महाराष्ट्रानेही त्यांना फारसे दिलेले नाही.

विरोध हिंदू महासभा आणि रामराज्य परिषद यांच्या मूठभर सभासदांचा होता तसाच, किंबहुना त्याहून परिणामकारक असा, काँग्रेसमधील पंडित ठाकूरदास भार्गव यांच्यासारख्या मुरब्बी वकिलांचा होता. मुलीला वाटा दिल्यास जमिनीचे तुकडे पडतील आणि जावई घरात शिरेल, हा युक्तिवाद तेव्हा फार गंभीरपणे मांडला गेला. त्याचे पडसाद कलमांत कसे उमटले, ते पाहण्यासारखे आहे.

विवाह कायद्याने द्विभार्या प्रतिबंध आणला. आपल्या मुंबई प्रांताला तो नवीन नव्हता. १९४६ चा द्विभार्या प्रतिबंधक कायदा आणि १९४७ चा हिंदू घटस्फोट कायदा येथे आधीच लागू होता, आणि पहिल्या कायद्याची वैधता मुंबई उच्च न्यायालयाने नरसू आप्पा माळी खटल्यात १९५१ मध्ये उचलून धरली होती. दिल्लीच्या कायद्याने हे दोन्ही प्रांतिक कायदे रद्द करून त्यांची जागा घेतली. मात्र घटस्फोटाची वाट मुद्दाम अरुंद ठेवली गेली. लग्नाला तीन वर्षे होईपर्यंत, अपवादात्मक हालअपेष्टा सोडल्या तर, अर्जच करता येत नव्हता, आणि परस्परसंमतीने वेगळे होण्याची सोय नव्हती. गंमत अशी की याच लोकसभेने एक वर्ष आधी, १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात, परस्परसंमतीचा घटस्फोट मान्य केला होता. निबंधकासमोर सह्या करून लग्न करणाऱ्या थोड्या लोकांना जे देण्यास सभागृहाची हरकत नव्हती, ते सप्तपदीने लग्न झालेल्या कोट्यवधींना देण्याची त्याची तयारी नव्हती. तो हक्क १९७६ ची दुरुस्ती होईपर्यंत मिळाला नाही.

त्याच कायद्यातील २९ व्या कलमाचे एक पोटकलम मला फार बोलके वाटते. रूढीने मान्य असलेला घटस्फोट या कायद्यामुळे बाधित होणार नाही, असे ते सांगते. घटस्फोट म्हणजे संस्कृतीवर घाला असे सभागृहात बोलले जात असताना महाराष्ट्रातील कितीतरी जातींत काडीमोड पिढ्यान्‌पिढ्या होत होती आणि पाट लावून दुसरा संसारही मांडला जात होता. हे पोटकलम नसते, तर सुधारणेच्या नावाखाली या बायकांच्या हातात होते तेही गेले असते. ज्यांना घटस्फोटच ठाऊक नाही असा हिंदू समाज भाषणांत होता. कायदा लिहिणाऱ्यांना खरा समाज विचारात घ्यावा लागला.

वारसा कायदा १७ जून १९५६ पासून अमलात आला. त्याच्या १४ व्या कलमाने स्त्रीच्या ताब्यातील मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. विधवेच्या हयातीपुरत्या हक्काची जुनी कल्पना त्याबरोबर संपली. हे कलम मी या संपूर्ण लोकसभेचे सर्वांत धाडसी काम मानतो. मात्र ६ व्या कलमाने वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची सहदायकी, म्हणजे मुलग्यांना जन्मतःच मिळणारी सामाईक मालकी, जशीच्या तशी ठेवली आणि मुलीला तिच्याबाहेर. त्याचा हिशेब असा होतो. नऊ एकर वडिलोपार्जित जमीन आहे, आई हयात नाही, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे, आणि वडील मृत्युपत्र न करता वारले. आधी वडील आणि दोन मुलगे यांच्यात वाटणी झाली असे कागदोपत्री धरायचे. प्रत्येकाचे तीन एकर. मग वडिलांचे तीन एकर तिन्ही भावंडांत सारखे. म्हणजे प्रत्येक भावाला चार एकर आणि बहिणीला एक. कायद्याच्या भाषेत बहीण भावाच्या बरोबरीची वारस होती आणि जमिनीवर तिचा हिस्सा भावाच्या एक चतुर्थांश होता. राहत्या घराचे २३ वे कलम याहून पुढचे होते. भाऊ स्वतः वाटणी मागेपर्यंत बहिणीने घराची वाटणी मागायची नाही. अविवाहित, विधवा, टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली असेल, तर तिला तेथे राहता येईल, एवढेच.

जावई घरात शिरण्याची ती भीती अशी थेट कलम होऊन बसली. आमच्या भागात आजही वारसनोंदीच्या वेळी बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात, साडीचोळी केली जाते आणि सातबाऱ्यावरून त्यांची नावे जातात. सही न करणारी बहीण माहेराला मुकते, हे न बोलता सर्वांना कळलेले असते. भार्गवांचा युक्तिवाद सभागृहात हरला, गावात तो अजून हरलेला नाही. सहदायकीची दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, केंद्राने २००५ मध्ये. २३ वे कलमही तेव्हाच वगळले गेले.

खासगी, म्हणजे मंत्री नसलेल्या सभासदांनी मांडलेल्या, विधेयकांच्या बाबतीत हे सभागृह आजच्या मानाने उदार होते. मुस्लिम वक्फ कायद्याचे विधेयक एका सभासदाचे होते. स्त्रिया व मुलांच्या आश्रयगृहांना परवाना सक्तीचा करणारे विधेयक टिहरी गढवालच्या राजमाता कमलेंदुमती शाह यांचे, आणि त्या तर अपक्ष होत्या. संसदेतील कामकाजाचे प्रामाणिक वृत्त छापणाऱ्या वृत्तपत्रांना संरक्षण देणारा १९५६ चा कायदा फिरोझ गांधींच्या विधेयकातून आला. विमा कंपन्यांतील गैरव्यवहारांवर त्यांनी डिसेंबर १९५५ मध्ये केलेले भाषणही प्रसिद्ध आहे. महिना-दीड महिन्यात अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम काढला आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी महामंडळ सुरू झाले. सत्ताधारी पक्षाचा सभासद आपल्याच सरकारला जागे करतो, याचे ते उदाहरण. स्टेट बँक, कंपनी कायदा, नागरिकत्व कायदा, अस्पृश्यता अपराध कायदा हे सारे याच पाच वर्षांतले, पण प्रत्येकाविषयी स्वतंत्रपणेच लिहायला हवे.

पाठीमागच्या बाकांनी सरकारला कसे वळवले, याचा आपल्या जिव्हाळ्याचा दाखला राज्यपुनर्रचनेचा. महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई अशी त्रिराज्य योजना घेऊन विधेयक सभागृहात आले. मुंबईत आधीच गोळीबार होऊन माणसे मेली होती. कुलाबा जिल्ह्यातून निवडून आलेल्या देशमुखांनी जुलै १९५६ मध्ये अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देऊन लोकसभेत त्याची कारणे सांगितली. त्यानंतर ऑगस्टमध्ये दोनशेहून अधिक सभासदांनी सह्यांचे निवेदन दिले आणि विधेयक मंजुरीच्या टप्प्यावर असताना त्रिराज्य योजना काढून तिच्या जागी विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ यांसह विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य घातले गेले. सह्या करणाऱ्यांत बहुसंख्य ना मराठी होते ना गुजराती. ज्यांचा या वादाशी थेट संबंध नव्हता त्यांनी काढलेला हा तोडगा ज्यांचा होता त्यांपैकी कोणालाच पटला नाही. अहमदाबादेतही लगेच आंदोलन पेटले.

लोकसभा ४ एप्रिल १९५७ रोजी विसर्जित झाली, तोवर पुढच्या निवडणुकीचे मतदान झालेही होते. संयुक्त महाराष्ट्रासाठी सभागृहात पोटतिडकीने बोललेले काकासाहेब गाडगीळ काँग्रेसच्या तिकिटावर पुण्यातून उभे राहिले आणि गोव्याच्या सत्याग्रहातील तुरुंगवास भोगून नुकतेच सुटून आलेल्या ना. ग. गोऱ्यांकडून पडले. द्वैभाषिकाचा निकाल १९६० मध्ये लावला, तो गोरे ज्यात बसले होते त्या दुसऱ्या लोकसभेने.