पाण्याचे विरजण

आमच्या दिवाणखान्यात तीन आठवड्यांहून अधिक काळ काचेची एक टाकी नुसत्या पाण्याने भरून उभी होती. तळाशी वाळू होती, दोन दगड होते, लाकडाचा एक वाकडा ओंडका होता, कोपऱ्यात फिल्टर बुडबुडत होता आणि संध्याकाळी वरचा दिवाही लागत होता. नव्हते ते फक्त मासे. घरी येणारा प्रत्येक जण आधी समोरून वाकून पाहायचा, मग मासे दगडाआड दडले असावेत असे समजून बाजूने डोकावायचा आणि शेवटी हळू आवाजात विचारायचा, ‘‘गेले का सगळे?’’ ‘‘अजून आलेच नाहीत,’’ असे सांगून मी त्याच्या देखतच त्या रिकाम्या पाण्यात चिमूटभर खाद्य टाकत असे. त्यानंतर माझ्या प्रकृतीची चौकशी बायकोकडे स्वतंत्रपणे होत असे, हे मला बरेच उशिरा कळले.

या वेडेपणाचे मूळ माझ्या लहानपणी आहे. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय (ते १९५१ साली सुरू झाले) शाळेच्या सहलीत पाहून आल्यावर मी घरी हट्ट धरला आणि वडिलांनी लाडवाच्या डब्याएवढे एक गोल काचेचे भांडे व चार गोल्डफिश आणून दिले. दर रविवारी आम्ही भावंडे भांड्यातले सगळे पाणी ओतून देत असू, रंगीत खडे नळाखाली ब्रशने घासत असू आणि पुन्हा ताजे पाणी भरत असू. इतकी स्वच्छता राखूनही मासे एकामागून एक उलटे तरंगू लागले. दृष्ट लागली असावी, असा निष्कर्ष तेव्हा सर्वानुमते निघाला होता. खरे कारण पन्नाशीत कळले: आम्ही राखली त्या स्वच्छतेनेच ते मासे मेले होते.

मासा ज्या पाण्यात राहतो त्यातच त्याचे सगळे विधी चालतात. कल्ल्यांवाटे तो सतत अमोनिया सोडत असतो आणि उरलेले खाद्य कुजून त्यात भर पडते. नदीत हा अमोनिया वाहून जातो; पन्नास लिटरच्या टाकीत तो साचतो आणि माशाचे कल्ले जाळतो. जिवाणूंची एक जात या अमोनियावर जगते आणि त्याचे नायट्राइट करते. पण नायट्राइटही विषारीच, कारण ते रक्तात शिरून प्राणवायू वाहून नेण्याची त्याची ताकदच काढून घेते आणि हवेचे बुडबुडे भरपूर असतानाही मासा गुदमरतो. दुसरी जात त्या नायट्राइटचे नायट्रेट करते, तेव्हा कुठे पाणी राहण्याजोगे होते. अमोनियावर गुजराण करणाऱ्या या जिवाणूंचा शोध सेर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास लावला. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, दगडांवर चिकटून राहतात आणि फार सावकाश वाढतात, त्यामुळे नव्या टाकीत त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर त्यांना अमोनिया मिळावा म्हणूनच ते चिमूटभर खाद्य. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने ते मरतात, आणि आम्ही दर रविवारी ब्रश चालवत होतो तो त्यांच्यावरच.

हे सगळे मी इंजिनिअर असलेल्या मेव्हण्याला दोनदा समजावले. त्याने दोन्ही वेळा मान डोलावली आणि ‘‘पण मासे कधी आणणार?’’ असे विचारले. शेजारी बसून वाती वळणाऱ्या माझ्या ब्याऐंशी वर्षांच्या आईला मात्र ते एकदाच ऐकून कळले. ‘‘म्हणजे तू पाणी विरजलं आहेस,’’ ती म्हणाली, ‘‘पण विरजणाशिवाय नुसतं दूध झाकून ठेवलंस तर दही कसं लागायचं?’’

तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. दुसऱ्याच दिवशी मी एका मित्राकडे गेलो. त्याची टाकी सात वर्षांची आहे. तिच्या फिल्टरमधला तपकिरी, बुळबुळीत स्पंजाचा एक तुकडा त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, डब्यात घालून घेऊन आलो. लोकलमध्ये तो डबा मांडीवर धरून बसलो असताना, शेजारच्या घरून वाटीभर दही विरजणाला मागून आणणाऱ्या बायकांची मला आठवण झाली. तुकडा फिल्टरमध्ये बसवला आणि रोज सकाळी काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात चाचणीच्या औषधाचे थेंब टाकू लागलो. अमोनियाच्या नळीतला गडद हिरवा रंग दिवसागणिक उतरत पिवळ्यावर आला. नायट्राइटची नळी आधी जांभळी झाली आणि मग एका सकाळी निरभ्र निळी दिसली. तो चोविसावा दिवस होता. आईने स्वयंपाकघरातूनच विचारले, ‘‘लागलं का?’’

आता मासे कोणते आणायचे, यावर घरात बैठक बसली. मुलीला गोल्डफिश आणि निऑन टेट्रा एकत्र हवे होते. पण गोल्डफिशला थंड पाणी मानवते, तो वाढतो वीतभराहून मोठा, घाण करतो भरमसाट, आणि मोठा झाल्यावर तोंडात मावणाऱ्या निऑनला तो गिळणार नाही याची हमी कोणी द्यावी? भाच्याला ऑस्कर हवा होता. दोन फुटी टाकीत ऑस्कर ठेवणे म्हणजे बैल न्हाणीघरात बांधण्यासारखे आहे. दुकानदाराने सकर माशाची शिफारस केली, ‘‘साहेब, टाकी साफ करतो.’’ हा सफाई कामगार पुढे फूट-दीड फूट वाढतो आणि साफ करतो त्याहून अधिक घाण करतो; मग कंटाळलेले लोक त्याला तलावात सोडून देतात आणि तिथे तो स्थानिक माशांच्या मुळावर उठतो. गप्पीचा विचार मीच सोडला. डासांच्या अळ्या खातात म्हणून नगरपालिकेचा आरोग्य विभाग ते डबक्यांत सोडतो, इतका तो कणखर मासा आहे. परंतु त्यांच्या तीन माद्या दोन महिन्यांत आपल्याला घराबाहेर काढतात.

एका जागी मात्र माझाच पाय अडखळला. दुकानातल्या मोठ्या टाकीत, अंगावर काळा पट्टा आणि त्यावर नाकापासून निघालेली लाल रेघ मिरवणारे आठ-दहा मासे एका लयीत फिरत होते. ‘मिस केरळ’ या नावाने ते विकले जातात. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातल्या वाहत्या ओढ्यांत ते राहतात आणि २०१३ साली त्यांच्या प्रजातीला ‘सह्याद्रिया’ हे नाव दिले गेले. नाव वाचूनच मी विरघळलो होतो. परंतु छंदिष्टांच्या मागणीपायी ओढ्यांतून इतके मासे उपसले गेले की आज ही जात संकटग्रस्त मानली जाते. शिवाय त्यांना थंड, वाहते पाणी आणि पोहायला लांबच लांब जागा लागते. सह्याद्रीचे नाव घेणारा मासा डोंबिवलीच्या दुसऱ्या मजल्यावर उभ्या पाण्यात ठेवायचा, हे मला बरे वाटले नाही.

अखेर सहा झेब्रा डॅनिओ घेतले. हाही आपल्याच उपखंडातला मासा, गंगेच्या खोऱ्यातल्या ओहोळांचा आणि भातखाचरांचा. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. माणसाच्या सुमारे सत्तर टक्के जनुकांचे जोडीदार या दीड इंची माशात सापडतात, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा त्याला पाळतात. तळाशी वावरणारे पाच छोटे कोरीडोरास मासे तीन आठवड्यांनी आणायचे ठरवले, कारण सगळी वऱ्हाडी मंडळी एकदम उतरली तर नव्याने लागलेले दही पुन्हा मोडते. पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवली, थोडे थोडे टाकीचे पाणी तिच्यात घातले आणि मग जाळीने एकेकाला आत सोडले. निळ्या-रुपेरी पट्ट्यांचे ते सहा जीव क्षणभर एका कोपऱ्यात गोळा झाले आणि लगेच सूर-पारंब्या खेळणाऱ्या पोरांसारखे टाकीभर धावू लागले.

चौथ्या दिवशी अमोनियाची नळी पुन्हा किंचित हिरवट दिसली. फिल्टर तपासला, चौथा हिस्सा पाणी बदलले, तरी सहाव्या दिवशी तोच रंग. रविवारी दुपारी तीनच्या सुमारास पाणी प्यायला उठलो, तेव्हा आई टाकीपाशी उभी राहून खाद्याच्या डबीचे झाकण लावत होती. सकाळी मी घातले आहे, दिवसाला एकदा पुरते, असे मी जरा चढ्या आवाजात सांगितले. तिने डबी फळीवर होती तशी ठेवली आणि म्हणाली, ‘‘माणसं नव्हती तेव्हा रोज वाढत होतास ना? आता आली आहेत तर मोजून वाढतोस?’’