वॉटर्लूच्या पुलाखाली, माझ्या वेगाने

अपंगांसाठीची, बसून चालवायची विजेवरची स्कूटर घेताना दुकानदाराला मी सगळ्यात आधी विचारलं, बॅटरी किती वॉट-अवरची, म्हणजे तिच्यात वीज किती मावते? त्याला सांगता येईना. मग दोघांनी बॅटरी उलटी करून लेबल वाचलं : २४ व्होल्ट, १० अँपिअर-अवर. गुणाकार २४०. घडीच्या स्कूटरची काढता येणारी लिथियम बॅटरी विमानात न्यायची, तर एकच असल्यास ३०० पर्यंत चालते. दोन असतील तर प्रत्येकी १६०. बॅटरी काढून केबिनमध्ये स्वतःजवळ ठेवायची आणि घडी केलेली स्कूटर खाली सामानात द्यायची. लंडनला भाचीकडे जायचं नक्की झालं होतं. हा आकडा बसला तेव्हाच मी पैसे मोजले.

मला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. उजव्या पायात कॅलिपर, काखेत कुबडी, अशी मी शाळा-कॉलेज आणि तीस वर्षांची नोकरी केली. पन्नाशीनंतर खांदे बोलायला लागले. तेव्हापासून बाहेरगावी व्हीलचेअर, आणि ती ढकलायला माझी ताई.

आमच्या विमानकंपनीला मी आठवडाभर आधीच ईमेलने सगळं कळवलं होतं. तरी चेक-इनच्या काउंटरवर पाऊण तास गेला. तिथला मुलगा म्हणत होता, बॅटरी सामानातच टाका. नियम बरोबर उलटा आहे. मी नियमाचं छापील पान, बॅटरीच्या लेबलचा फोटो आणि कंपनीचंच उत्तर पुढे ठेवलं; वरिष्ठ बाई आल्या, त्यांनी वाचलं आणि शिक्का मारला. स्कूटरवर विमानाच्या दारापर्यंत जाऊ द्या, हेही तिथेच ठरवून घेतलं. लंडनला ती हातात आली तेव्हा मागचं मडगार्ड तडकलेलं होतं. निघताना चारही बाजूंनी फोटो काढले होते म्हणून तक्रार लिहिता आली. जे कोणी अशी स्कूटर घेऊन निघणार असाल, त्यांनी हे फोटो काढाच. आपल्यासाठी ते सामान नसतं, पाय असतात.

हीथ्रो विमानतळावरून एलिझाबेथ लाइन या रेल्वेने लंडनच्या ईलिंग भागात, भाचीकडे. ही लाइन २०२२ साली सुरू झाली आणि तिच्या सगळ्या, म्हणजे ४१ स्टेशनांवर पायरी न चढता जाता येतं. हीथ्रोला फलाट आणि डब्याची जमीन एका पातळीत; स्कूटर सरळ आत. ईलिंग ब्रॉडवेला मात्र फट आहे, तिथे कर्मचारी रॅम्प घेऊन उभा होता. जुन्या भुयारी रेल्वेची गोष्ट वेगळी. तिची बरीच स्टेशनं अजून जिन्यांचीच आहेत. नकाशावर निळं व्हीलचेअरचं चिन्ह असेल तर रस्त्यापासून गाडीच्या आतपर्यंत पायरी नाही; पांढरं असेल तर फक्त फलाटापर्यंत. मी दोन दिवस तो नकाशा पंचांगासारखा वाचत बसले होते.

भाचीने एक जाडजूड किल्ली आणून ठेवली होती. इंग्लंडमधली हजारो अपंगांची स्वच्छतागृहं या एकाच प्रकारच्या किल्लीने उघडतात. १९८१ पासून ही सोय आहे. हे वाचून कुणाला किरकोळ वाटेल. मी आयुष्यभर प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी न पिता निघत आले आहे. लंडनमध्ये मी रस्त्यात चहा प्यायले, दोनदा.

पहिल्या संध्याकाळी ताईबरोबर ईलिंगच्या बागेत गेले. वेगाच्या बटणावर एका बाजूला कासव, दुसऱ्या बाजूला ससा. मी कासवाच्या जवळ ठेवलं. थोडं पुढे गेल्यावर ताई बोलता बोलता एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "अगं, तुझं तोंड दिसतंय मला." इतकी वर्षं तिचा आवाज मला मागून, डोक्यावरून यायचा. आम्ही किती गावं फिरलो, पण बरोबरीने अशी कधीच नाही.

आठव्या दिवशी ताईचे गुडघे धरले आणि भाचीला ऑफिस. मी एकटी निघाले. बाँड स्ट्रीटला गाडी बदलून वॉटर्लू. तिथून नदीकाठ. वाटेतल्या सिग्नलच्या खांबावर बटणाच्या पेटीखाली एक छोटा शंकू असतो. चालायचा हिरवा दिवा लागला की तो फिरतो, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांना बोटांना कळतं. मी दिवा बघत होते, तरी एक हात त्या शंकूवर ठेवूनच उभी राहिले.

वॉटर्लू पुलाच्या कमानीखाली जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. लांबच लांब टेबलं, त्यांवर पुस्तकं, जुने नकाशे, चित्रं. टेबलं माझ्या कोपराच्या उंचीची. मी पहिल्या पुस्तकापाशी थांबले. मग दुसऱ्या. मग पुन्हा मागे आले.

व्हीलचेअरवर हे जमत नाही. ढकलणाऱ्याला "थांब" म्हणावं लागतं, मग "चल". एकदा म्हणतो, दोनदा म्हणतो. तिसऱ्यांदा आपल्यालाच जड वाटतं, समोरचं माणूस कितीही प्रेमाचं असलं तरी. मग आपण लांबूनच बघितल्यासारखं करतो आणि पुढे जातो. ताईने कधी कुरकुर केली नाही. तरीही माझ्या आयुष्यात अशी न थांबलेली किती दुकानं, देवळं आणि समुद्र आहेत, ते मला त्या टेबलापाशी पहिल्यांदा मोजावंसं वाटलं. दीड तास होते मी तिथे. पक्ष्यांचं एक जुनं पुस्तक घेतलं आणि पुढच्या टोपलीत ठेवलं.

मग काठाकाठाने टेट मॉडर्न या कलासंग्रहालयापर्यंत आणि उतारावरून वळून मिलेनियम पुलावर. हा पायी चालणाऱ्यांचा पूल २००० साली उघडला, माणसांच्या चालण्याने डोलायला लागला म्हणून दोन दिवसांत बंद केला आणि दुरुस्त होऊन २००२ साली पुन्हा सुरू झाला. आता तो हलत नाही. मी मधोमध जाऊन कडेला स्कूटर लावली, चावी काढली. समोर सेंट पॉल चर्चचा घुमट, खाली मातकट थेम्स, ओहोटीचं पाणी.

भाचीचा फोन आला. "मावशी, कुठे आहेस तू?"

"पुलावर."

"बॅटरी आहे ना? किती वेळ थांबणार आहेस?"

"बॅटरी आहे," मी म्हटलं. "अजून ठरवलं नाही."